पट्टे वाळेपर्यंत

पहिल्याच भेटीत दोघांचं वाजलं. नृत्यमास्तर मुलींना गिरकी शिकवत होता, आणि खालच्या मजल्यावरून धापा टाकत आलेली ती दारातूनच ओरडली, "नाच थांबवा! सगळे खाली चला."

"आपण कोण?"

"इंजिनिअर. दुरुस्ती माझ्याकडे आहे. तुमच्या पायाखालच्या तुळईला खांबाजवळ तिरके तडे गेलेत."

हॉलला कुलूप लागलं. मास्तरनं खरं तर रुसायला हवं होतं. पण तो रोज चहा घेऊन काम बघायला येऊ लागला. कामगारांनी तुळईला टेकू दिले, कडा घासून गोल केल्या. मग राळ लावून कार्बनचे काळे पट्टे तिला खालून कवेत घेतल्यासारखे चिकटवू लागले.

"त्या केसाएवढ्या तड्यांना एवढं काय घाबरायचं?" त्यानं विचारलं.

"मधोमध वाकणारी तुळई आधी कुरकुरते, सावध करते. खांबापाशी कातरली जाते ती न सांगताच कोसळते."

"म्हणजे तुमच्यासारखीच... मनातलं काही कळूच देत नाही!"

तिचे कान तापले. "मास्क नीट लावा आधी," म्हणत तिनंच तो सरळ केला — आणि बोटं जरा रेंगाळलीच.

शेवटचा पट्टा बसला त्या दुपारी तो रिकाम्या हातानं आला.

"ताईचा फोन होता. तिच्या गावात हॉल मिळतोय, ये म्हणते." तो घुटमळला. "मी... थांबू का?"

कामगार बघत होते. तिची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली ती भलतीकडेच. "थांबावं तर लागेलच. राळ पक्की व्हायला आठवडा जाईल."

"बरं," म्हणून तो गेला.

त्यानं काय विचारलं, ते तिला कळलं नव्हतं थोडंच? चांगलं कळलं होतं. उद्या बोलू, काम संपल्यावर बोलू, असं करत दिवस गेले. हॉल उघडला, तेव्हा मास्तर ताईच्या गावी निघून गेला होता, आणि त्याच्या जागी नवीन शिक्षिका आली होती.

शेवटी तिनं फोन लावला.

"मास्तर, त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं."

"मग बरोबर काय होतं?"

"थांबा... माझ्यासाठी."



"इंजिनिअरबाई, ताईनं एक स्थळ आणलं होतं. परवाच मी होकार दिला. मुलगी चांगली आहे हो... तिचा काय दोष?"

"काहीच नाही. एक करा. तिनं कधी काही विचारलं ना, तर लगेच उत्तर द्या. उद्यावर टाकू नका."

"नाही टाकणार," तो हळूच म्हणाला.

त्यानं फोन ठेवला, तरी तिनं आपला कानापासून काढला नाही.