हिराबाईचं पान

बसा असे जवळ, कंदील मध्येच राहू दे. मी काही तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मला त्या बाईचे उपकार सांगायचे आहेत. सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो, त्याला इलाज नाही.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरपासून आमच्या तलासरीकडची जमीन हलायला लागली. आधी खालून गडगड यायची, मग फडताळातली भांडी वाजायची. सगळा पाडा अंगणात झोपू लागला. पण माझी आई, बायजी, तिचे दोन्ही पाय लकव्याने गेलेले. दर हादऱ्याला मी तिला उचलून बाहेर पळायचो. मी गाडीवर असलो तर माझी बायको रुचिका तिला गोधडीसकट ओढायची. उघड्यावर झोपून आईचा खोकला वाढला, आणि आत झोपवावं तर विटांच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. एके दिवशी उशीर होणार आणि आई आतच राहणार, या विचाराने मला घास जात नव्हता.

मी शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो, त्यामुळे ओळखी बऱ्याच. आगरच्या एका चिकूवाडीत शेठला शेड रिकामी करायची होती आणि तिथे दोन कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोल्या, पडून होते. आईला झोपवायला एखादा मिळतो का, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी मी बघायला गेलो. वाडीचा राखणदार लहान्याकाका. त्याने दोन्ही कॅम्पर पुसून ठेवलेले.

मोठा पत्र्याचा होता. आत शेगडी, बेसिन, आरसा, सगळा थाट. लहान म्हणजे दोन चाकांवरची बसकी पेटी. हँडल फिरवलं की छत वर येई, दोन्ही बाजूंनी पलंग सरकत आणि भोवती जाड कापड ताणलं जाई. मोठा बघून मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण माझी व्हॅन तो घेऊन आमचा चढ चढली नसती. शिवाय हादऱ्यात काही पडलंच तर डोक्यावर कापड पडलेलं बरं. मी लहान निवडला.

"बरा घेतलास," लहान्याकाका म्हणाला. "शेठची आई यातच झोपायची. शेठ तिला सापुताऱ्याला न्यायचा. माझी बहीण हिरा तिच्या सेवेला असायची. बारा वर्षं उचलली म्हातारीला... आता काय सांगू!" त्याने डोळे पुसले. मी पुढे विचारलं नाही.

व्हॅनचा हूक बसवणाऱ्याने बजावलं होतं की अडीचशे किलोच्या वर ओढू नकोस. कॅम्परच्या पाटीवर दोनशे दहा लिहिलेलं. तरी वाटेत ओढ जड लागली, म्हणून हायवेच्या वजनकाट्यावर कॅम्पर सोडवून एकटाच ढकलला. आकडा आला दोनशे साठ.

काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "आतल्या माणसाला उतरवा ना! मग रिकामं वजन देतो."

मी हसलो. छत उचललं, दार उघडलं. आत कोणी नव्हतं. लसणाच्या तेलाचा वास मात्र भरून राहिलेला, पायांना चोळतात तसल्या. मी गादीवर हात टेकला... गादी कोमट होती. भर बाराचं ऊन, कापड तापलं असेल, असं मनाला सांगितलं. दार उघडं ठेवून पुन्हा वजन घेतलं, तर बरोबर दोनशे दहा. मी छत खाली बसवलं, दार लावलं आणि निघालो. पहिल्या चढाला ओढ पुन्हा जड लागली.

घरी हे बोललो नाही. आई त्या रात्रीपासून इतकी शांत झोपली, की मला बोलवेना.

दुपारी कापड तापे, म्हणून रुचिका आईला घरात आणून खाटेवर निजवायची आणि कोंबड्या शिरू नयेत म्हणून कॅम्परचं छत खाली बसवायची. फेब्रुवारीतल्या अशाच एका दुपारी ती ओहोळावर धुणं धूत होती आणि मी पोरं घेऊन वाटेत होतो. व्हॅन आपोआप डुलली. पोरं रडायला लागली. त्यांना त्यांच्या दारात उतरवून मी घर गाठलं.

भेगाळलेली भिंत आईच्या खाटेवर पडली होती. रुचिका उकिडवी बसून विटा उपसत होती. तिची बोटं रक्ताळलेली. मीही उपसायला लागलो. विटा, माती, मग मोडकी खाट... खाट रिकामी.

तेवढ्यात अंगणातून खोकला आला.

कॅम्परचं छत वर होतं. दार लोटलेलं. आत आई पलंगावर आडवी, अंगावर चादर नीट सारखी केलेली, केस विंचरून बांधलेले. पायांना तेल चोळलेलं.

"आये... तुला कोणी आणलं?"

"ती बाय आली ना. पदर खोचला न् उचललं." आई माझ्याकडे बघून मिश्कील हसली. "तू उचलतोस ते माझ्या बरगड्या मोडतात रं. तिला उचलायचं कळते."

मी तिथेच खाली बसलो आणि पोरासारखा रडलो. रुचिकाला त्या दिवशी सगळं सांगितलं, काट्यावरचं, गादीचं, हिराबाईचं. ती एवढंच म्हणाली, "मेलेल्या बाईनं आपली आये वाचवली. तिला पान वाढू."

आमच्या घरी ही रीतच आहे. गेलेल्या माणसाचं देणं राहिलं तर पळसाच्या पानावर भात, उडदाची डाळ आणि सुका बोंबील वाढायचा, नाव घेऊन हाक मारायची आणि मागे न बघता घरात यायचं. आम्ही रोज तिन्हीसांजेला कॅम्परच्या चाकाजवळ हिराबाईच्या नावाने पान ठेवू लागलो. सकाळी पान पुसून घेतल्यासारखं स्वच्छ आणि मधोमध मिटलेलं असायचं. कुत्र्याला पान मिटता येत नाही, हे मलाही कळतं. पण मला भीती वाटली नाही, भरून यायचं.

नवव्या दिवशी लहान्याकाका कॅम्परचे कागद घेऊन आला. मी त्याच्या पाया पडलो आणि तुझ्या बहिणीने माझी आई वाचवली म्हणून सगळं सांगितलं. पानाचं ऐकलं तसा त्याने माझा हात धरला.

"मुकेश... हिरा मेली असं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"घरी हाय ती. दोन वर्षं खाटेवर पडून हाय. कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात तिला." त्याचा आवाज खाली गेला. "आठ दिवस झाले, घरचा घास घेत नाय. पोट भरलं म्हणते..."

मी त्याच पावली त्याच्याबरोबर आगरला गेलो. हिराबाई खाटेवर होती. आठ दिवस उपाशी बाई, पण गाल भरलेले, डोळे निवलेले. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांवर हात ठेवला, त्याला लसणाचा वास होता.

"म्हातारीचा खोकला बरा हाय?" तिने हळूच विचारलं.

"बरा आहे, बाय."

"बोंबील दोनदा धुवा. खारट होते..."

घरी आल्यावर रुचिका घाबरून म्हणाली की जिवंत माणसाला मेलेल्याचं पान आपण वाढलं, आता बंद करू. एक संध्याकाळ बंद केलंही. सकाळी लहान्याकाकाचा फोन आला. हिराने रात्रभर पाण्याचा थेंब घेतला नाही, सारखी विचारत होती, माझं पान कुठंय? ज्या बाईने माझी आई माझ्या पदरात परत घातली, तिला उपाशी कसं ठेवू? पान पुन्हा सुरू केलं. बोंबील दोनदा धुतो.

गेल्या तीन दिवसांपासून आई जेवत नाही. खुशीत असते, खोकलाही गेलाय. रुचिका ताट घेऊन कॅम्परमध्ये जाते तर हसून ताट मागे सारते. म्हणते, माझं पोट भरलंय. तिच्या नावाने पान कोण वाढतंय, तेवढंच मला कळत नाही.