नववी टाकी

दुपारच्या जेवणाआधी काम उरकून सटकायचं, एवढ्याच बेताने प्रोग्रामवाला सरसाच्या कारखान्यात शिरला. दारातच वासाने त्याला गाठलं. हाडं-कातडी शिजवून सरस काढायची जागा ती. तिथला वास नाकात थांबत नाही, जिभेवर बसतो. जिन्याचा कठडा धरला तर बोटांना पिवळट साय आली. ती त्याने पँटला पुसली आणि मग पँटचीच किळस वाटू लागली.

सुपरवायझर बाईंनी तक्रार सांगितली. टाक्या आठ, पण स्क्रीनवर नववी दिसते.

टाक्या चालवणारा प्रोग्राम त्याचाच होता. आठ टाक्यांसाठी तीच लॅडर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायच्या-मिटायच्या सूचना, आठदा लिहायचा कंटाळा, म्हणून गड्याने ती एकदाच लिहिली आणि व्हॉल्व्हच्या पत्त्याला इंडेक्स रजिस्टर, म्हणजे कितवी टाकी ते सांगणारा आकडा, जोडलं. रजिस्टरात शून्य असलं की पहिल्या टाकीचा व्हॉल्व्ह, एक असलं की दुसऱ्या टाकीचा. सातापर्यंत गेलं की पुन्हा शून्य. आपल्या या हुशारीवर तो भारी खूश होता.

दोन वर्षांपूर्वी वीज जाऊन आली आणि रजिस्टरातला आकडा एकाने पुढे राहिला. वीज आल्यावर तो शून्यावर आणायची ओळ लिहायलाच प्रोग्रामवाला विसरला होता. वाफ सोडण्याआधी ऑपरेटरने तिथल्या रीतीप्रमाणे पान्याने टाकीवर तीन ठोके दिले, "आत कोणी आहे का?" असं विचारलं. स्क्रीनची मोजणी तेव्हा वेगळी होती, ती चार म्हणत होती, म्हणून ठोकलं चौथीवर. वाफ गेली पाचवीत. पाचवीत ऑपरेटरचाच सख्खा मेहुणा तळ खरवडत बसला होता.

चौकशीत प्रोग्रामवाल्याने हात झटकले. ऑपरेटरने चुकीचं बटण दाबलं, असं सांगितलं आणि राहिलेली ओळ गुपचूप घालून टाकली.

आता त्याने लॅपटॉप जोडला. ओळ जागच्या जागी होती, तरी रजिस्टरात आठ. म्हणजे नववी टाकी. त्या पत्त्याला एकही वायर जोडलेली नव्हती, आणि तापमान दिसत होतं सदतीस.

"सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाचं झालं," बाई हळूच म्हणाल्या.

त्याने हसण्यावारी नेलं. बाई हसल्या नाहीत. ऑपरेटरची बायको त्यांना भेटत असे. भावाला नवऱ्यानेच शिजवलं, असं तिने मनात धरलं होतं; त्याच्या हातचं पाणीही ती पीत नव्हती, आणि उद्या मुलांना घेऊन घर सोडणार होती.

"तुम्हीच प्रोग्राम लिहिला होता... चूक खरंच त्याची होती का? एकदा सांगा, मी आजच तिला जाऊन सांगते."

"बटण त्यानेच दाबलं होतं."

स्क्रीनवर अडतीस झाले. त्याच्या घशाशी काहीतरी चरबट आलं. त्याला स्वतःचीच किळस आली. पण किळस गिळता येते, हे तो दोन वर्षांत शिकला होता. त्याने सगळी मेमरी पुसली, प्रोग्राम नव्याने भरला. नववी टाकी गेली. सही करून तो निघाला.

घरी कोणी नव्हतं. तो तडक न्हाणीघरात घुसला. तीनदा साबण लावला तरी अंग बुळबुळीतच. बादलीतल्या पाण्यावर पिवळी साय धरली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"नववी परत आलीय हो," कारखान्यातून बाई बोलत होत्या. "एकोणचाळीस... चाळीस... स्क्रीन व्हॉल्व्ह उघडतोय म्हणतेय. वाफ सोडण्याआधी ठोकायला तर हवं ना? कशावर ठोकू?"

थांबा, चूक माझी होती, असं त्याला सांगायचं होतं. त्याने खरोखर तोंड उघडायला घेतलं. ओठ सरस लावल्यासारखे चिकटले होते. बोटांनी ओढले तेव्हा कातडी ताणली गेली, सुटली नाही.

मग ठोके ऐकू आले. लोखंडावर पाना, तीनदा. ते भिंतीपलीकडून आले, शेजारच्या न्हाणीघरातून. ते घर तर सहा महिने कुलूपबंद होतं.

"आत कोणी आहे का?" तिकडे कोणीतरी विचारलं, नीट थांबून उत्तराची वाट पाहिली.

इकडे बंद नळातून वाफ येऊ लागली.