मटकीचे मोड

लाइट गेली होती. मूर्तिजापूरच्या अंगणात खाटेवर बसून देवमनजी नातवंडांना सांगू लागले. "हसू नको, पायल. हसनैन माह्या संगच नोकरीले होता, त्यानंच सांगतलं मले."

बावीस मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. अकोल्याच्या एका बियाणे तपासणी कचेरीत हसनैन एकटाच आला. काम पाच मिनिटांचं. कपाशीचं शंभरातलं पासष्ट बी उगवलं तरच पोतं पास, हा नियम कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात एका ओळीत होता. साहेब म्हणाले होते, "पासष्टचे पन्नास कर. सकाळी ट्रक निघाले पायजेत. नाही तं घरी बस."

मशीन जुनी, खोलीभर. तिला माणसाचं लिहिलेलं कळत नसे. कंपायलर नावाचा दुभाषी ते तिच्या भाषेत उतरवून देई. प्रोग्राम कचेरीतल्याच ललिताबाईंचा, कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहायच्या काळातला. तेव्हा संध्याकाळी कार्डं द्यायची आणि चूक कळायची ती दुसऱ्या दिवशी. म्हणून बाई हरेक आकडा तीनदा तपासत. हा नियम बदलायला त्या नाही म्हणाल्या, तर त्यांची बदली झाली. त्याच महिन्यात त्या वारल्या.

हसनैनने पन्नास टाकले. कंपायलर चालवला. चूक शून्य. मग बावन्न टक्के उगवणाऱ्या पोत्याचा आकडा तपासायला दिला.

नापास.

ओळ पाहिली. पन्नासच होते. पुन्हा कंपायलर. चूक शून्य.

नापास.

"काहून बे?" तो मशीनला म्हणाला.

शेजारच्या खोलीत कार्डांना भोकं पाडायचं यंत्र वाजलं. खट... खट... खट.

ती खोली नऊ वर्षांपासून रिकामी होती. यंत्र भंगारात गेलेलं.

खट... खट... खट.

पंखा थांबला. दाराकडे बघवेना.

"बाई..." तो पुटपुटला. "मले दोन पोरी हायेत, बाई."

आवाज थांबला.



त्याने तिसऱ्यांदा चालवलं.

पास.

सकाळी ट्रक अंजनगावकडे गेले. लोकांनी मृगात पेरलं, आणि ऐन आषाढात कोसभर वावरं अर्धी बोडकी राहिली. हसनैनची नोकरी टिकली.

देवमनजी थांबले. मग पुढे सांगू लागले.

"त्याची बायको बिस्मिल्लाबी मटकी भिजवते, फडक्यात बांधून ठेवते. शेजारीण त्याच पिशवीतली नेते, तिच्या घरी बोटभर मोड येतात. काल मी गेलो होतो. बिस्मिल्लाबीनं फडकं सोडून दाखवलं. तीन दिवस झाले होते..."

"मंग, आबाजी?"

"एकालेही नाही."