दोरीवर टांगलेला कप्तान

या कामातून शंकासुरला मिळणार होतं ते एवढंच: अवकाशकादंबरीचा दुसरा भाग वेळेत तपासून हातावेगळा केला, तर आत्याबाईंच्या प्रकाशनात कायमची नोकरी. लेखकाला जरा जास्त मिळणार होतं. शनिवारी मजकूर छापखान्यात गेला तर पुस्तक. नाही तर छपाईची पाळी पाककृतींच्या पुस्तकाला. प्रकाशक त्याची सख्खी आत्या असली म्हणून काय झालं!

म्हणजे शंकासुरने मुकाट ‘ठीक’ म्हणण्यात दोघांचंही भलं होतं. पण ऑफिसने तिला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

तिची पद्धतच न्यारी. कादंबरीत कोण, कधी, कुठल्या ग्रहावर, हे पाहून ती पानं खोलीभर बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी लावायची; प्रकरणांच्या नव्हे, काळाच्या क्रमाने. शुक्रवारी सकाळी लेखक घाईघाईत आत शिरला आणि अकरावं प्रकरण थेट त्याच्या नाकावर आदळलं.

“इथे कपडे वाळतात की कादंबऱ्या?”

“कादंबरीच. अजून ओली आहे... हात लावू नका.”

“अहो, मी लिहिलीय ती!”

“अस्सं! म्हणजे घोळ तुमचा तर.”

तिने मान वर केली. गुन्हेगार दिसायला बरा होता, याची नोंद मात्र दोरीवर लागली नाही.

घोळ असा: कप्तान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाऊन येतो, त्याची होतात तीन वर्षं. यानतळावर वाट पाहणाऱ्या मेकॅनिक मुलीची तोवर साठ. आणि अकराव्या प्रकरणात तो परततो, तर तिची वेणी काळीभोर!

“वाचक कुठे बोटं मोजत बसतात?”

“साठ वर्षं थांबली ती...” शंकासुर हळूच म्हणाली. “तुम्ही वेणी काळी ठेवलीत, की तिचं थांबणं फुकट गेलं.”

लेखक दोरीखालून वाकून तिच्या बाजूला आला.

“तुम्ही थांबला असतात?”

“मी? छे! यान मी दुरुस्त करायचं आणि फिरायचं त्याने? त्याच्याआधी मी चढले असते.”

“मग...” त्याने तिसरं प्रकरण चिमट्यातून सोडवलं, त्यात मेकॅनिक खालूनच हात हलवते. “चढवू या तिला? दोघांची वयं बरोबरीने वाढतील.”

“पुढची आठ प्रकरणं कोसळतील! आणि उद्याचा शनिवार?”

“जाऊ दे. बरोबर येणारं कुणीतरी हवंय — म्हणजे कप्तानाला.”

“कप्तानालाच ना?”

“नाही,” तो म्हणाला. कान लालबुंद.

तिने हातातला चिमटा त्याच्या बाहीला लावला. “मग हलू नका. तुमची जागा ठरतेय.”

आत्याबाई कडाडल्या, पाककृती छापून आल्या. हिशेब मांडायचाच तर लेखकाची आठ प्रकरणं गेली, शंकासुरची नोकरी लांबली, आणि दोघंही तोट्यातल्या माणसांसारखी मुळीच दिसत नव्हती. खरा भुर्दंड पडला बिचाऱ्या कप्तानाला. शांतपणे तारे बघत जाणार होता, आता शेजारच्या खुर्चीतून दर वळणाला कुणीतरी विचारणार होतं, “रस्ता नक्की हाच ना?”