यादीत नसलेला पळसदरा

"दूध कुठंय?"

शिवकन्येनं मान वर न करताच विचारलं. दूध संस्थेच्या दारात सकाळी सातला जो येतो तो चरवी घेऊनच येतो, अशी तिची पाच वर्षांची सवय.

"दूध न्हाई आणलं… सॉफ्टवेअर आणलंय."

तिनं वर पाहिलं. धुळीनं पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या, पाठीला बॅग, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू. उगाचच तिचे कान तापले.

त्याचं नाव उत्तरेश्वर. मूळचा उमापूरचा, नोकरी पुण्यात. वडवणीच्या संस्थेतल्या संगणकात नवी सोय बसवायला आठवडाभरासाठी आला होता. दुष्काळाचं साल, दूध रोज आटत चाललेलं. चेअरमन मोहनरावांनी चाऱ्याचे टेम्पो मिळवले होते, पण मोजकेच. खरी नड कुठल्या गावाला, हे नोंदींतून शोधायचं होतं.

"तक्ते धुंडाळायचे न्हाईत," तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "माणसाशी बोलता तसं इथं लिहा. मशीन तुमच्या वाक्यातून अटी काढतं, अन् त्यांत बसतील तेवढ्याच नोंदी दाखवतं."

तिनं लिहिलं – 'पंधरा दिवसांत कोणत्या गावांचं दूध लई घटलं?'

मशीन ढिम्म.

"त्याला 'लई' कळंना," तो हसला.

"मग शिकवा की त्याला! मी कावून माझी बोली बदलू?"

त्यानं खरंच शिकवलं. 'लई' म्हणजे निम्म्याहून जास्त. खिडकीबाहेर कडुलिंबाचा फुलोरा गळत होता, त्याचा कडू-गोड वास खोलीभर दरवळत होता. शब्द भरता भरता दोघांची बोटं एकमेकांना टेकली… आणि कुणालाच ती काढायची घाई नव्हती.

आठवडा सरता सरता मशीननं अकरा गावं दिली. मोहनराव खूश. "उद्या सकाळी टेम्पो सोडा."

शिवकन्येनं मात्र यादी पुन्हा पुन्हा वाचली.

"पळसदरा न्हाई ह्यात."

"म्हणजे तिथलं दूध घटलं नसंल."

"घटलं नसंल? तिथल्या बायनाबाई महिनाभर इकडं फिरकल्या न्हाईत! नावातच उत्तर घेऊन फिरायलाव, अन् उत्तर चुकीचं?"

त्यानं नोंदी उघडल्या. हसू मावळलं. "मशीन दोन आकड्यांची तुलना करतं. ह्या पंधरवड्यात पळसदऱ्याचा आकडाच न्हाई… म्हणून ते गाव चाळणीत आलंच न्हाई." त्यानं खुर्ची मागं सारली. "चूक माझी हाय. चला, बघून येऊ."

तिला वाटलं होतं, तो मशीनची बाजू घेईल. त्या एका वाक्यानं तिच्या मनात काहीतरी अलगद हललं.

मोटारसायकलवरून जाताना उन्हात सगळा माळ पाण्यासारखा लहरत होता. तिनं एका हातानं पदर धरला होता, दुसऱ्यानं… त्याचा खांदा.

बायनाबाई गोठ्यात गाईजवळ बसल्या होत्या. गाईच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"दूधच न्हाई तर संस्थेत काय तोंड घिऊन यावं, पोरी?" त्या म्हणाल्या. "चार दिवसांत इकून टाकते हिला."

उत्तरेश्वर गोठ्याच्या दारातच उकिडवा बसला, मांडीवर लॅपटॉप उघडून. त्यानं लिहिलं – 'कोणत्या गावांनी पंधरा दिवसांत दूधच आणलं न्हाई?' चार नावं आली. पहिलंच पळसदरा. शिवकन्येनं तिथूनच मोहनरावांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहिला टेम्पो पळसदऱ्याला लागला. हिरव्या मक्याच्या वासानं गाय धडपडत उठली. उत्तरेश्वरानं स्वतः पेंढ्या उतरवल्या.

"तुमचं काम तर सपलं," शिवकन्या हळूच म्हणाली. "दुपारची यष्टी हाय ना?"

"हाय… पण मी जाणार न्हाई."

"कावून?"

तो पेंढीचा बंध सोडू लागला. "उमापूरला आई असती. तिला सांगायचंय… एक पोरगी भेटलीय. मशीनला कळलं न्हाई ते तिला कळलं. मला ती लई आवडती. पण आधी तिला इचारावं म्हटलं."

शिवकन्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अगं, बोल की!" गोठ्यातून बायनाबाई ओरडल्या. "त्या पोराच्या हातातली पेंढी तशीच, अन् माझी गाय उपाशी!"

शिवकन्या खळखळून हसली. त्याच्या हातातली पेंढी काढून घेत, त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"आईंना सांगा… रविवारी दोघं येताव म्हणून."