नसलेला माइक

दुपारच्या चहाच्या सुट्टीत आईला फोन करायचा, हा तिचा शिरस्ता होता. बाकीची मंडळी चहाच्या यंत्राभोवती कोंडाळं करून साहेबाच्या नावाने बोटं मोडायची, तेव्हा ही आपला कप घेऊन जिन्याच्या खिडकीत जाऊन उभी राहायची. बोलणं फार लांबत नसे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, मशीन चालवत बसू नकोस. आईने जन्मभर पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून दोन पोरांना शिकवलं होतं. पोरं मोठी होऊन मार्गाला लागली, तरी तिचा पाय काही पॅडलवरून उतरायला तयार नव्हता.

त्या दिवशी आई म्हणाली, "अगं ठके, आत्ताच तर गेलीस इथून! पोचलीससुद्धा?"

तिला घरी सगळे ठकीच म्हणत. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी जागच्या जागी बसून राहायची, म्हणून.

"मी कुठे आले होते आई? मी ऑफिसात आहे."

"हो बाई, असशील," आई हसत म्हणाली. "पण निळ्या ड्रेसची फिटिंग राहिली ती राहिलीच. उद्या आलीस की उभी राहा दोन मिनिटं."

ती घरी गेल्याला वर्ष होत आलं होतं. घर काही जगाच्या टोकाला नव्हतं, दुपारी बस धरली तर दिवेलागणीला माणूस पोचत असे. पण दर महिन्याला काही ना काही काम अंगावर येऊन पडायचं, आणि खरं सांगायचं तर कामाच्या आड लपणं तिला सोयीचंही झालं होतं. फोन ठेवला तरी आईचं ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. कारण दादाचं म्हणणं हेच होतं. आईची आठवण दगा द्यायला लागली आहे, तिला चांगल्याशा संस्थेत ठेवावं आणि घर विकून मोकळं व्हावं. संस्था त्याने पाहून ठेवली होती. घराला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं असावं, असा तिला दाट संशय होता. येत्या सोमवारी डॉक्टर आईला तपासणार होते. त्यांनी मान हलवली की आईचं बिऱ्हाड त्या घरातून आणि त्या मशीनपासून कायमचं हलणार होतं. आणि ते होऊ द्यायचं नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं होतं.

तिचं काम म्हणाल तर चारचौघांना सांगायला अवघड. एका मोठ्या संगणकाच्या पोटात बरेचसे खोटे संगणक चालवायचे, आणि प्रत्येकाला आपणच खरे आहोत असं वाटत ठेवायचं. त्या खोट्या संगणकांना खोटी उपकरणंही लागतात. खोटा पंखा, खोटा पडदा, खोटा माइक. ही उपकरणं मेमरीतला जो पत्ता सांगतात, तोही खोटाच असतो. मग कर्नल, म्हणजे संगणकाचा कारभारी, आपल्या कोष्टकात बघतो आणि त्या खोट्या पत्त्याचा खरा पत्ता लावून देतो. हा पत्ते लावून देणारा भाग तिच्याकडे होता. ऑफिसात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणत.

या कामात एक खोड आहे. दर वेळी कोष्टकात बघायला वेळ लागतो, म्हणून नुकते लावलेले पत्ते कारभारी तोंडपाठ ठेवतो. कोष्टकातून एखादी नोंद काढली, तर त्याला ती विसरायलाही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो सवयीने जुन्याच दारात जात राहतो, घर सोडून गेलेल्या भाडेकरूची पत्रं त्याच फटीतून टाकणाऱ्या पोस्टमनसारखा. या विसरायला लावण्याला त्यांच्या टीममध्ये झाडू मारणं म्हणत. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात झाडू मारायला विसरतोच, आणि मग सगळे त्याला भरपूर हसून घेत. ती मात्र नवीन नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचणीसाठी बनवलेला खोटा माइक कोष्टकातून काढून टाकला. जेवण करून आल्यावर बघते तर माइकचं पान, म्हणजे त्याचे आकडे साठवायला दिलेला मेमरीचा तुकडा, भरत होतं.

"गेला झाडू विसरून," ती स्वतःशीच म्हणाली आणि कपाळावर हात मारला. पण हात तसाच राहिला. माइक खोटा होता. त्याला ऐकायला काही नव्हतंच. पान भरलंच तर नुसत्या शून्यांनी भरायला हवं होतं.

आकडे शून्य नव्हते. ते वर जात होते, खाली येत होते, आणि ठरावीक अंतराने एकदम उसळत होते.

तिने पानाचा खरा पत्ता पाहिला. तो पत्ता त्या मोठ्या संगणकात बसवलेल्या मेमरीच्या पुढचा होता. म्हणजे जिथे भिंत संपते, त्याच्याही पलीकडच्या खोलीचा. तिने कानाला हेडफोन लावले आणि आकडे आवाज करून वाजवले.

आधी नुसती खरखर आली. मग एक लय. खडखड, खडखड, टक. खडखड, खडखड, टक.

हा टक तिला झोपेतही ओळखू आला असता. आईच्या मशीनचा चामडी पट्टा तुटला होता, तेव्हा आईने तो तारेच्या आकड्याने जोडला होता. तो जोड चाकावरून गेला की टक व्हायचं. त्या आवाजावर तिचा सगळा अभ्यास झाला होता.

शेजारच्या टेबलावर आजोबा बसत. वयाने फार नव्हते, पण केस पिकलेले आणि कर्नलमध्ये मुरलेले, म्हणून आजोबा. त्यांना असल्या खोड्या काढायची सवय होती. एकदा त्यांनी साहेबाच्या संगणकाला दर तासाला जांभई द्यायला लावली होती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आजोबा, हे तुमचं काम?"

त्यांनी हेडफोन लावून ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "मशीन आहे शिवणाचं. कुणाचं?"

"माझ्या आईचं."

"मी तुझ्या आईच्या घरी गेलोय का कधी?" ते म्हणाले. मग खुर्ची ओढून तिच्या पडद्यापाशी आले. त्यांनी यंत्राच्या मागे वाकून पाहिलं. त्या यंत्राला माइक सोडा, आवाजाची तार लावायला भोकसुद्धा नव्हतं.

मग दादाच. दुसरं कोण? आईला वेड लागलंय हे सिद्ध करायला त्याने कुणा बाईला घरात पाठवलं असेल, आवाज टिपायला काहीतरी दडवलं असेल. ते या यंत्रात कसं आलं, हा प्रश्न तिने तूर्त बाजूला सारला. रागात माणूस सोयीचं तेवढंच बघतो. तिने दादाला फोन लावला.

"आईकडे रोज कोण येतं दादा?"

"कोण येणार? तूच येतेस असं ती सांगते. म्हणून तर डॉक्टर बोलावलेत."

"तू कुणाला पाठवतोस का तिथे?"

"ठके, तुझंही डोकं फिरलंय का? वर्षात एकदा तरी फिरकलीस का तिकडे? आणि चालली मला बोलायला!" त्याने फोन आपटला.

चहाची सुट्टी झाली. ती खिडकीत गेली नाही. एका कानाला हेडफोन ठेवला, दुसऱ्याला फोन लावला आणि आईचा नंबर फिरवला.

हेडफोनमध्ये मशीन चालू होतं. मग तिथे फोनची घंटा वाजली. मशीन थांबलं. सपाता फरफटत गेल्या. आई बोलण्याआधी घसा खाकरते, तशी खाकरली. आणि मग "हॅलो" दोन्ही कानांत एकदमच आलं.

आजोबा उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"आई, घरात कोण आहे?"

"कोण म्हणजे? तूच की. चहा टाकतेयस."

"आई, नीट ऐक. मी ऑफिसात आहे. ती बाई कोण आहे ते बघ आणि शेजारी जाऊन बस."

"अगं, चेष्टा पुरे. तिकडून फोन करतेस आणि इकडे कप विसळतेस." आईला हे सगळं मजेचं वाटत होतं. आवाज ठणठणीत होता, कुठे घोटाळल्यासारखा नाही.

फोनमध्ये एवढंच ऐकू आलं. हेडफोनमध्ये मात्र चमचा कपावर आपटला, आणि लांबून, स्वयंपाकघरातून, एक आवाज आला.

"कुणाचा फोन गं, आई?"

आपला आवाज बाहेरून ऐकताना परका वाटतो. तो तसा परका वाटला, आणि म्हणूनच तिला खात्री पटली की तो तिचाच आहे.

"अगं, तुझाच," आई म्हणाली आणि दोघी हसल्या.

तिने आजोबांकडे वळून पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. "पोस्टमास्तरीण, या एका पानावर दोन उपकरणं येतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "दोघांना पत्ता हाच मिळतोय. एक कोष्टकात रीतसर लिहिलेलं आहे. दुसरं नुसतं सवयीवर चाललंय, लिहिलेलं कुठेच नाही."

"मग झाडू मारा. ते सवयीवरचं जाईल."

"मारू. पण कुठलं कोण आहे ते आधी बघू दे मला. घाई नको."

त्यांनी कोष्टक उघडायला घेतलं. तेवढ्यात हेडफोनमधला आवाज जवळ आला. ती बाई आता बाहेरच्या खोलीत, आईच्या खुर्चीपाशी आली असावी.

"ठेव तो फोन, आई. तिचं हे नेहमीचंच आहे. नुसता फोन करते. येत नाही कधी."

"हो गं," आई म्हणाली. तिने टाकलेला उसासाही दोन्ही कानांत आला.

तिचं डोकं सणकलं. लाज, राग, भीती, काय ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने कळफलक आपल्याकडे ओढला.

"थांब!" आजोबा म्हणाले. "लिहिलेली नोंद कुणाची ते—"

"माझीच असणार! दुसरी कुणाची असेल?"

तिने झाडू मारला. एका नोंदीवर नाही, सरसकट.

हेडफोन शांत झाले. फोनही कट झाला. पान शून्यांनी भरून गेलं.

तिने आईला परत फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. ती पर्स घेऊन उठली. आजोबा अजून पडद्यावर वाकलेले होते. ती दारापाशी पोचली, तेव्हा ते मान वर करून म्हणाले, "अगं, लिहिलेली नोंद तर तिकडची—" आणि मग ते तिच्याकडे बघतच राहिले, कुणीतरी अनोळखी माणूस चुकून आत आल्यासारखे. तिला थांबायला वेळ नव्हता.

बसमधून तिने दादाला फोन लावला. भांडण नंतर करू, पण आधी आईकडे जा, असं सांगायचं होतं.

"कोण बोलतंय?"

"दादा, मी."

"नंबर चुकला असेल तुमचा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. दुपारचा राग अजून गेला नाही, असं ती समजली.

गाव आलं तेव्हा दिवे लागले होते. ती जवळजवळ पळतच निघाली. गल्लीच्या वळणावरच तिला तो आवाज आला. खडखड, खडखड, टक. आई मशीनवर बसली आहे, आई ठीक आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बेल वाजवली.

दार आईनेच उघडलं.

चष्मा कपाळावर, गळ्यात मापाची टेप. हातात सुई होती, आणि त्यात दोरा ओवलेला होता. डोळे स्वच्छ होते. कसल्याच घोटाळ्यातलं माणूस ते नव्हतं.

"आई!"

आई थोडी मागे सरली. "कोण हवंय आपल्याला?"

ती पुढे व्हायला गेली आणि उंबऱ्यावरच अडली.

कारण आई दारात उभी होती, आणि आत मशीन चालू होतं.

सकाळचं सगळं तिला त्या क्षणी आठवलं. माइक आपण काढला होता. आपल्याच हाताने, कोष्टकातून. त्या पानावरची आपली नोंद तीच होती. त्यानंतर आपलं जे काही चाललं होतं, ते नुसत्या सवयीवर.

मशीन थांबलं. "कोण आहे गं, आई?"

"कुणी नाही गं, ठके," आईने आत बघून सांगितलं. "पत्ता चुकलाय बाईंचा."

मग तिने दार लोटायला घेतलं आणि मध्येच थांबली. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या नजरेने तिने समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं.

"रागावू नका हं, पण एक सांगू? डावा खांदा जरा उतरता आहे तुमचा. कपडे शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला सांगत जा, म्हणजे फिटिंग नीट येईल." ती मायेने हसली. "आमच्या ठकीचाही अगदी तस्साच आहे."