एका पत्त्यावर दोन सह्या

"तुम्ही इथे सही करा... आणि तुम्ही इथे," म्हणत मायतेने पेन पुढे केलं आणि त्या माणसाने तिच्या तोंडाकडे बघत बघत चक्क टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सही ठोकली.

"अहो, पत्त्यावर!"

"अं? हो... हो, पत्त्यावर!"

रोसारिओ शहरात, पाराना नदीच्या काठावरच्या त्या जुन्या रेस्टॉरंटमध्ये मायते दर रविवारी दुपारी टेबलाटेबलावर जाऊन पत्त्यांची जादू दाखवायची. तिचा हातखंडा प्रयोग होता जोडप्यांसाठी. त्याने एक पत्ता काढायचा, तिने एक, दोघांनी आपापल्या पत्त्यावर सही करायची. मग दोन्ही पत्ते बाईच्या मिटलेल्या तळहातांत. मायते फक्त एक फुंकर मारायची आणि हात उघडले की पत्ता एकच! एका बाजूला त्याची सही, उलटला की तिची. लोक ती आठवण घरी नेऊन चौकटीत बसवत.

आताही तसंच झालं. त्याच्या शेजारी बसलेल्या लाल केसांच्या मुलीने तळहात उघडले आणि किंचाळलीच, "अगं आई गं!" आजूबाजूच्या टेबलांवर टाळ्या पडल्या. पण तो माणूस? त्याचं पत्त्याकडे लक्षच नव्हतं. तो मायतेकडे बघत होता, पापणीसुद्धा न लववता.

बायको शेजारी बसलीय आणि याचं हे! काय म्हणावं या निर्लज्जपणाला? मायतेचे कान तापले. सहीवरून तेवढं नाव कळलं, उलिसेस. आणि खरं सांगायचं तर ते तपकिरी डोळे पुढे आठवडाभर तिच्या मागे लागले होते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा सहा नंबरच्या टेबलावर! इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. आणि शेजारी... मायते जागच्या जागी थबकली. शेजारी भलतीच मुलगी होती! काळे, आखूड केस, कानात मोठ्या रिंगा.

"जोडप्यांचीच जादू ना?" मायतेने दात आवळून विचारलं.

"म्हणजे... मी लक्षात आहे तुमच्या?" त्याचा चेहरा एकदम उजळला.

"विसरण्यासारखं काय केलंयत तुम्ही!"

"आज केस वर बांधलेत तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"जादू बघा."

"बघतोच आहे."

मायतेच्या हातातून पत्त्यांचा कॅट निसटता निसटता राहिला. स्वयंपाकघरात जाऊन तिने म्हाताऱ्या वेटरला गाठलं. "फेर्मिनकाका, तो सहा नंबरवाला! दर रविवारी नवी बाई! बघितलंत का तुम्ही?"

फेर्मिनकाकांना एकाएकी ठसका लागला. तळलेल्या माशांची थाळी उचलून ते जे पळाले, ते पुन्हा काही तिच्या समोर आले नाहीत.

तिसऱ्या रविवारी मात्र कहर झाला. उलिसेसच्या शेजारी सत्तरीच्या पुढची बाई बसली होती. गळ्यात मोत्यांची माळ, डोक्यावर हॅट. आणि ती बाई आपणहून पेनसाठी हात पुढे करत होती!

मायते सुन्न झाली. मग तिचं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" ती ओरडली. "त्या रविवारी एक, गेल्या रविवारी दुसरी, आणि आज आजीच्या वयाच्या बाईला फसवायला निघालात? किती जणींना वाटणार आहात ही सही? काही किंमत तरी आहे का तिला?"

सगळ्यांचे काटे-चमचे हवेतच थांबले. उलिसेस लालबुंद झाला. "मी... म्हणजे... तसं नाही..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग तो उठला आणि खाली मान घालून निघून गेला.

"झालं बोलून?" म्हातारीने शांतपणे विचारलं. "मी इर्मा. त्याची सख्खी मावशी. आणि त्या दोघी माझ्या मुली."

"काय?"

"एकदा एकटाच आला होता, तेव्हा तुमच्या वेटरनेच सांगितलं त्याला, मायते एकट्या पुरुषाच्या टेबलावर जात नाही म्हणून. मग काय, आणतोय घरातल्या एकेकीला धरून! पोरी संपल्या, आज माझा नंबर लागला. डोकं म्हणून नाही मेल्याला. आइसक्रीम तेवढं झकास करतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मायतेला झालं. नियम तिचाच होता. मागे एका दारुड्याने मनगट धरलं होतं, तेव्हापासूनचा. पण त्या नियमापायी कुणी असं काही करेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सहा नंबरवर दुसरीच माणसं होती. मायतेची नजर सारखी दाराकडे.

"मला आधी सांगायचं नाहीत, काका?"

"मला वाटलं, माणसं थक्क करणाऱ्या पोरीला एवढं तरी कळेल," फेर्मिनकाका ओशाळून म्हणाले. "आता तो यायचा नाही. तुलाच जावं लागेल, त्याच्या मावशीच्या आइसक्रीमच्या दुकानात."

सोमवारी भर दुपारी, सगळं शहर झोपलेलं असताना, मायते इर्मामावशीच्या आइसक्रीमच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर मावशी, काउंटरमागे त्या दोघी मुली. तिघींनी एकदमच वर पाहिलं. लाल केसवालीचा चमचा हातातच राहिला. "आली गं बया!" ती पुटपुटली.

आतून उलिसेस आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला.

"सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागते," मायते एका दमात म्हणाली.

"चूक माझीच हो. वाटलं, एवढी तोंडं बघता तुम्ही, त्यात माझं कुठलं लक्षात राहतंय..."

"राहिलं."

"ते रागामुळे."

"पहिल्याच रविवारी राहिलं. तेव्हा कुठे राग होता?"

काउंटरमागून "आई गं!" ऐकू आलं.

मायतेने कॅट काढला. "एक पत्ता घ्या."

"पण तुम्ही तर फक्त जोडप्यांना..."

"घ्या म्हणते ना!"

त्याने पत्ता काढून सही केली. मग मायतेने स्वतःसाठी एक काढला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यावर आपलं नाव लिहिलं. दोन्ही पत्ते त्याच्या तळहातांत दिले. फुंकर मारली. त्याने हात उघडले...

पत्ते दोनच. सुटे. घसरले आणि फरशीवर पडले.

"असं... असं कधीच होत नाही माझं," मायते म्हणाली. शेकडो जोडप्यांचे पत्ते एक केले, आणि स्वतःच्या वेळी हे! तिचे डोळे भरले. "नसेल व्हायचं एक. जाते मी."

"थांबा!" उलिसेस खाली वाकला. दोन्ही पत्ते उचलून त्याने ॲप्रनला पुसले. तिच्या नावाचा पत्ता स्वतःच्या खिशात घातला, आपल्या नावाचा तिच्या हातावर ठेवला. "बरं झालं. एक झाला असता तर तो कुणाच्या घरी ठेवायचा, यावरून आपलं पहिलं भांडण झालं असतं."

मायते रडता रडता हसली. किती साधा माणूस हा! आता लपवून ठेवण्यासारखं तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"उलिसेस... मला त्या मुलींचा राग नव्हता आला रे. त्यांच्या खुर्चीत मी का नाही, याचा आला होता."

तो आ वासून बघत राहिला. दोन रविवार जादू बघताना जो थक्क झाला नव्हता, तो आता झाला.

"हे... हे पुन्हा म्हण."

"अंहं. जादूगार एकच जादू पुन्हा दाखवत नाही."

"चला गं पोरींनो, आत चला," मावशीने मुलींना दामटलं. "काय तोंडाकडे बघताय!"

कुणी हललं नाही. उलिसेसने मायतेचा हात हातात घेतला, आणि तिने सगळे नियम गुंडाळून ठेवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी त्याच्या अगदी कानाशी.